फाईल शारजात, पेशंट दापोलीत

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



आखातातून मंत्रालयात येणारी पत्रं बहुधा विमानाच्या भाड्याबद्दल असतात, नाहीतर फसवून पळालेल्या एजंटाबद्दल. हे पत्र सीटी स्कॅन, स्टेंट आणि डिस्चार्ज कार्डाबद्दल आहे. मी मूळची मिरजेची, आता शारजात रेडिओग्राफर आहे. डॉक्टर नव्हे. ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ असं काचेपलीकडून जी बाई सांगते, ती मी.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर खाली ठेवलंत तरी काम होईल. संयुक्त अरब अमिरातीत उपचार घेऊन जो माणूस महाराष्ट्रात परततो, त्याची वैद्यकीय फाईल वाचता येईल अशा रूपात त्याच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि ही व्यवस्था लावायला महाराष्ट्रानं दिल्लीची वाट बघत बसू नये.

महाराष्ट्रानंच का, असं आपण विचाराल. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात जो पैसा आला, त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळ त्याच्या मागे, १९.७ टक्क्यांवर. मुंबईतल्या बँकांच्या खात्यांमुळे आपला आकडा थोडा फुगत असेल, तेवढं सोडून देऊ. पाठवणाऱ्या देशांत अमिरातीचा नंबर अमेरिकेखालोखाल लागतो. केरळनं परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र सरकारी खातं उघडलं. शेजारच्या खाटेवरचा मल्याळी पेशंट त्या खात्याचं कार्ड काढून दाखवतो, तेव्हा आपला रत्नागिरीकर खिडकीबाहेर बघतो.

अमिरातीतल्या दवाखान्यांशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉ. झुलेखा दाऊद १९६४ मध्ये इथे आल्या. कुवेतच्या अमेरिकन मिशन हॉस्पिटलनं त्यांना पाठवलं होतं. अमिराती हे राष्ट्र तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. ते १९७१ चं. दुबई आणि शारजा यांच्यामध्ये धड रस्ता नव्हता, वाळू होती. दुबईत १९५१ मध्ये सुरू झालेलं अल मक्तूम हॉस्पिटल हाच काय तो मोठा आधार. त्या दिवसांत या नागपूरच्या बाईंनी बाळंतपणं केली, भाजलेल्यांना मलमपट्टी केली, क्षयाचे रोगी तपासले. पुढे १९९२ मध्ये शारजात त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल उभारलं आणि २०१९ मध्ये त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. त्या काळी औषधपाण्याचं ज्ञान नागपुराकडून शारजाकडे आलं. आज इथे उपचार घेतलेली माणसं उलट्या दिशेनं जातात, आणि नेमका त्याच वाटेवर कागद गळतो.

इथल्या यंत्रांचं कौतुक मी आपल्याला सांगत बसणार नाही. मिरजेच्या माणसाला दवाखान्याचं अप्रूप नसतं. आमच्याकडे वानलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्येच सुरू झालं. मशिन तर पुण्यातही तीच, कोल्हापुरातही तीच. मला जे बघून हेवा वाटतो, ते यंत्राच्या मागचं आहे. अबू धाबीत ‘मलाफी’ नावाची यंत्रणा २०१९ मध्ये सुरू झाली. त्या अमिरातीतल्या कुठल्याही दवाखान्यात केलेली रक्ततपासणी दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला दिसते. दुबईची अशीच ‘नबीध’ आहे, आरोग्य मंत्रालयाची ‘रियायती’ आहे, आणि या तिन्ही एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. शारजाच्या लेबर कॅम्पमधला सुतार अबू धाबीच्या साइटवर चक्कर येऊन पडला, तर तिथल्या डॉक्टरला त्याची जुनी शुगर बघायला मिळू शकते. तोच सुतार विमानात बसून मुंबईला उतरला की त्याची पाटी कोरी.

यात एक नवी गोष्ट घडली आहे, ती आपल्या कानावर घालायची आहे. अबू धाबी आणि दुबईत आरोग्य विमा सक्तीचा होऊन बरीच वर्षं झाली. शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन या उत्तरेकडच्या अमिरातींत मात्र खासगी नोकरदार आणि घरकामगारांना तो लागू झाला १ जानेवारी २०२५ पासून. मूळ पॅकेज वर्षाला ३२० दिरहमचं. त्याआधी आमच्या भागातला कामगार छातीत दुखलं तर पॅनाडॉल घ्यायचा, फार झालं तर क्लिनिकमध्ये रोख पैसे मोजून इंजेक्शन टोचून घ्यायचा, आणि सुट्टीत गावी गेल्यावर ‘बघू’ म्हणायचा. आता तो आमच्या टेबलावर येतो. त्याची सीटी होते, निदान होतं, गोळ्या सुरू होतात. म्हणजे ज्यांची म्हणून कधी फाईलच नव्हती, त्यांची फाईल आता तयार होऊ लागली आहे. ही माणसं पाच-दहा वर्षांत पन्नाशी-साठी गाठून गावी येतील. तेव्हा ती फाईल कुठे असेल?

एका पेशंटबद्दल लिहिते. नाव-गाव पूर्ण देत नाही, दापोली तालुक्यातला म्हणा. एसीची कामं करणारा, ऐन उन्हाळ्यात गच्चीवर चढणारा. रात्री छातीत कळ आली, सोबत्यांनी उचलून आणला, अँजिओग्राफी झाली, डावीकडच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट बसला. काम उत्तम झालं. दोन-तीन महिन्यांत कंपनीनं हिशेब केला, व्हिसा कॅन्सल झाला, गडी घरी. पुढच्या महिन्यात मला व्हॉट्सॲपवर एकामागून एक फोटो येऊ लागले. “ताई, यातलं डॉक्टरला काय दाखवू?”

फोटोंत काय होतं ते सांगते. फार्मसीच्या पातळ प्लास्टिक पिशवीत त्यानं सगळे कागद जपून नेले होते: विम्याचे अप्रूव्हल, बिलांच्या प्रती, अपॉइंटमेंटच्या चिठ्ठ्या, लिफाफ्यात एक सीडी. इथे माणसाचा जीव अप्रूव्हलमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे तोच कागद त्याला सगळ्यांत मोलाचा वाटला. डिस्चार्ज समरीचं पहिलं पान होतं, दुसरं नव्हतं. आणि कुठला स्टेंट, किती मिलिमीटरचा, हे दुसऱ्या पानावर असतं. स्टेंटच्या पाकिटातून चिकट लेबलं येतात. एक दवाखान्याच्या फाईलला लागतं, एक रुग्णाच्या कार्डावर लावून त्याच्या हातात देतात. त्याचं कार्ड हरवलं होतं. फाईलवरचं लेबल सुखरूप होतं, समुद्रापलीकडे.

गावच्या डॉक्टरांनी सीडी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “फिल्म कुठाय?” त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्या भिंतीवर फिल्म बघायचा दिव्याचा डबा आहे, आणि कॉम्प्युटरला सीडीची फट उरलेली नाही. आम्ही इथे फिल्म छापणं कधीच सोडलं. मग ते म्हणाले, पुन्हा अँजिओग्राफी करून घ्या. म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा रेडिएशन, आणि तेही जे काही महिन्यांपूर्वी दिसलं होतं तेच बघायला. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगते: छातीच्या एका सीटीत साध्या एक्स-रेच्या साठेकपट रेडिएशन जातं. गरज असेल तर ते योग्यच. पण जुनी इमेज उघडत नाही म्हणून नवी काढायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

खरी काळजी वाटावी अशी गोष्ट त्या फोटोंत नव्हती, बोलण्यात आली. इथून नेलेली प्लॅविक्सची पाकिटं संपली होती. मेडिकलवाला म्हणाला होता, “हे नाव आपल्याकडे येत नाही.” म्हणून त्यानं गोळी बंद केली होती आणि मला विचारत होता, आठ दिवस नाही घेतली तर चालेल ना? ती गोळी म्हणजे क्लोपिडोग्रेल, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात. औषध लावलेला स्टेंट बसवल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत ती सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. आणि हेच क्लोपिडोग्रेल त्या मेडिकलवाल्याच्या फडताळात दोन-तीन देशी नावांनी पडलेलं असणार! पाकिटावर बारीक अक्षरांत असतं ते मूळ नाव त्या दुकानात कुणी वाचलं नाही, एवढंच. मी त्याला त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरकडे पिटाळलं. गोळी सुरू झाली, माणूस ठीक आहे. पण त्याच्याकडे ओळखीच्या रेडिओग्राफरचा नंबर होता. ज्याच्याकडे नसेल त्यानं काय करायचं?

आकड्यांचाही घोळ होतो. इथल्या काही दवाखान्यांत क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये लिहितात. आपल्याकडे ज्याला १.२ म्हणतात, ते इथे १०६ होतं. एका कामगाराच्या बायकोनं तो १०६ चा आकडा गावात दाखवला आणि कुणीतरी शहाण्यानं “किडनी गेली” म्हणून सांगून टाकलं. ती रात्रभर रडत होती. उलट बाजूनं, रिपोर्टवर उपाशीपोटी साखर ‘७’ दिसली की गावी म्हणतात, फार कमी आहे, साखर खा. ती ७ म्हणजे आपली १२६, मधुमेहाचा उंबरठा! कॉम्प्युटरला हे गणित एका क्षणात येतं. प्लास्टिकच्या पिशवीतल्या कागदाला येत नाही.

पेसमेकरचं तर बोलायलाच नको. एमआरआयच्या खोलीत एक अजस्र चुंबक चोवीस तास चालू असतं, आणि पेसमेकर असलेल्या माणसाला आत न्यायचं तर आधी कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, वायर कोणत्या, हे सगळं कळावं लागतं. काही मॉडेल ठरावीक अटी पाळून आत नेता येतात, काही नाही. कार्ड नसेल तर कुठलाही शहाणा टेक्निशियन दार उघडणार नाही. मीही उघडणार नाही. म्हणजे मेंदूचा एमआरआय अगदी गरजेचा आहे, मशिन समोर आहे, पैसे आहेत, आणि अडलंय कशावर, तर एका चार ओळींच्या कार्डावर.

आता कायद्याचं. अमिरातीनं २०१९ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या माहिती-तंत्रज्ञानाबद्दल संघराज्याचा कायदा केला, क्रमांक २. त्याप्रमाणे रुग्णाची माहिती शेवटच्या उपचारानंतर किमान २५ वर्षं सांभाळावी लागते, आणि देशाबाहेर पाठवायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. २०२१ मध्ये मंत्रालयानं काही अपवाद काढून दिले. मला हा कायदा वाईट वाटत नाही. आपल्या लोकांची माहिती कुणाच्याही सर्व्हरवर पडू नये, ही काळजी रास्त आहे. पण परिणाम असा की आपल्या दापोलीकराची फाईल पाव शतक अगदी सुरक्षित राहणार आणि त्याला तिचा काडीचा उपयोग नसणार. त्याच्या मोबाईलमधलं ॲप म्हणावं, तर ते उघडतं इथल्या ओळखपत्रावर आणि इथल्या सिमवर येणाऱ्या ओटीपीवर. व्हिसा गेला की यथावकाश सिमही जातं. आपल्याकडचं दार तपासून बघा: आभा क्रमांक, म्हणजे केंद्राच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढायचा तर बहुधा आधारला जोडलेला मोबाईल लागतो, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलेला असतो. दोन्हीकडे कुलूप, दोन्ही किल्ल्या गटारात.

तंत्र अवघड आहे म्हणून हे होत नाही, असं मला कुणी सांगू नये. २०२१ मध्ये दुबईला यायचं तर मुंबई विमानतळावर उड्डाणाआधी रॅपिड पीसीआर करावी लागायची, रिपोर्टवर क्यूआर कोड लागायचा, आणि तो इथे स्कॅन व्हायचा. तेव्हा आरोग्याची माहिती समुद्र ओलांडत होतीच. गेली काही वर्षं पैशांचंही तेच चाललं आहे: २०२४ च्या फेब्रुवारीत यूपीआय आणि इथली ‘आनी’ जोडायचा करार झाला, रुपेच्या तंत्रावर इथलं ‘जयवान’ कार्ड आलं. आणखी जवळचं उदाहरण हजचं. २०२४ च्या हजला इंडोनेशिया, मलेशिया आणि ओमानच्या यात्रेकरूंना जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं आरोग्य कार्ड मिळालं. आजार, ॲलर्जी, चालू औषधं, लसी एवढाच मजकूर, एका क्यूआरमध्ये. मक्केत उन्हानं कोसळलेल्या आजोबांना काय द्यायचं नाही, हे परक्या देशातल्या डॉक्टरला कळावं म्हणून. त्या मजकुराचा साचाही आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरलेला आहे. फिनलंडच्या डॉक्टरनं लिहिलेली औषधं २०१९ पासून एस्टोनियाच्या दुकानात मिळतात. आपल्याला नव्यानं काही शोधायचं नाही.

एक भीती मात्र खरी आहे, ती लपवून हे पत्र लिहिता येणार नाही. इथल्या कामगाराला ‘फाईल’ म्हटलं की आधी व्हिसाचं मेडिकल आठवतं. एचआयव्ही निघाला तर परत जावं लागतं. क्षयाच्या बाबतीत २०१६ पासून नियम सैल झाला: व्हिसाच्या नूतनीकरणात क्षय सापडला तर उपचाराच्या अटीवर एक वर्षाचा व्हिसा मिळतो. तरी छातीच्या एक्स-रेच्या रांगेत उभी असलेली माणसं मी बघते. स्टँडला हनुवटी टेकवताना त्यांचे हात थरथरतात. उद्या गावच्या दवाखान्यातली नोंद इथे दिसू लागली, तर ही माणसं गावीही डॉक्टरकडे जायची नाहीत. म्हणून वाट एकाच दिशेची हवी, अमिरातीकडून महाराष्ट्राकडे, आणि तीही रुग्णानं स्वतः हो म्हटल्यावर. गावाकडून इकडे एक ओळसुद्धा यायला नको. इकडून तिकडे मात्र फाईल वेळेवर जायलाच हवी. क्षयाचाच विचार करा. सहा महिन्यांचा कोर्स इथे सुरू झाला, तिसऱ्या महिन्यात माणूस परतला, आणि क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत, म्हणजे ‘निक्षय’मध्ये, त्याची नोंद होईपर्यंत महिना गेला, तर त्या खंडातून औषधाला न जुमानणारा क्षय तयार होऊ शकतो. तो मग त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

दिल्लीकडून जे व्हायचं ते व्हायला वेळ लागेल. दोन सरकारांच्या बोलण्यांत व्यापार असतो, तेल असतं. त्या यादीत रुग्णाचा सारांश घालायचं पत्र आपण केंद्राला लिहावं, आणि ते लवकर लिहावं. तोवर थांबायचं काही कारण नाही. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, महाराष्ट्र मंडळं आहेत, माझ्यासारख्या सुट्टीच्या दिवशी वेळ काढणाऱ्या नर्स आणि टेक्निशियन आहेत. व्हिसा कॅन्सल व्हायच्या आधी कामगाराकडून एक पानाचा मराठी-इंग्रजी सारांश भरून घेणं, इथलं ॲप उघडून रिपोर्ट उतरवून देणं, आधारचा मोबाईल नंबर जिवंत आहे का ते बघणं, एवढं आम्ही इकडे करू. आपण तिकडे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या जिल्हा रुग्णालयांत एक खिडकी उघडा, जिथे परदेशातले कागद घेतले जातील, सीडीतल्या इमेज उतरवल्या जातील, आभा क्रमांक काढून त्याला जोडल्या जातील, आणि औषधांची नावं आपल्या नावांत लिहून मिळतील. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्यांना खुली झाली, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. तिचा लाभ घ्यायला परतलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर आहे का, हेही त्याच खिडकीवर बघता येईल. वीस वर्षं बाहेर राहिलेल्याचं नाव कार्डावरून कधी उडालं, हे घरच्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या खिडकीला एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर, बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणि एक्स-रे विभागातला एक माणूस पुरे. इमेज उघडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी मे महिन्यात सुट्टीवर येते आहे, रत्नागिरीला येऊन बसवून देईन, तिथल्या मुलांना दोन दिवसांत शिकवूनही देईन. प्रवासखर्च नको. रुग्णालयात शिरायची परवानगी तेवढी लेखी द्या, कारण गेल्या खेपेला एका सरकारी रुग्णालयाच्या गेटवरच्या शिपायानं मला पेशंटची नातेवाईक समजून भेटीची वेळ संपली म्हणून परत पाठवलं होतं.

कळावे,
आपली नम्र,
एक मिरजकर रेडिओग्राफर,
शारजा